व्हॉली: ‘डावा पाय टाक, मग मार’ हे अर्धंच खरं

टेनिसमध्ये उजव्या हाताने खेळणाऱ्याला फोरहँड व्हॉली (उजवीकडे आलेला चेंडू टप्पा पडण्याआधीच मारणं) शिकवताना कोर्टाबाहेरून एक हाक हमखास येते: “डावा पाय पुढे!” मुलगा इमानाने पाय आपटतो, थांबतो, मग रॅकेट फिरवतो. तोवर चेंडू मागे गेलेला असतो.

पहिली हालचाल डाव्या पायाची नसतेच. प्रतिस्पर्धी चेंडू मारत असतानाच छोटी उडी घ्यायची, स्प्लिट स्टेप, आणि दोन्ही पायांच्या चवड्यांवर उतरायचं. चेंडू उजवीकडे येतोय हे दिसलं की खांदे वळतात, उजव्या पायावर वजन येतं आणि तोच शरीराला पुढे ढकलतो. डावा पाय त्यानंतर. तोही चेंडू लागण्याआधी टेकलाच पाहिजे असं नाही. स्टीफन एडबर्गच्या व्हॉली स्लो मोशनमध्ये पाहा, वजन वाहतं असतं. (१९८८ आणि १९९० चं विम्बल्डन त्याने याच खेळावर जिंकलं.)

अंगावर आलेल्या चेंडूला तर पाऊल टाकायला वेळच नसतो. तिथे काँटिनेंटल ग्रिप (हातोडी धरावी तशी रॅकेटची पकड), घट्ट मनगट आणि चेंडू शरीरापुढे घेणं, एवढंच. रॅकेट मागे नेलीत की संपलं.