पोर्ट्समथ यार्डस्टिक
वेगवेगळ्या घडणीच्या शिडाच्या होड्या एकाच शर्यतीत उतरल्या की त्यांच्या वेळा एका मापात आणणारी ब्रिटिश हँडिकॅप (सवलतीची) पद्धत. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ती आकाराला आली. क्लबात एकाच प्रकारच्या दहा होड्याही जमत नसत. जे असेल त्यात शर्यत लावायची, ही तिच्यामागची गरज. आज तिची सूत्रे रॉयल यॉटिंग असोसिएशन या ब्रिटनच्या राष्ट्रीय नौकानयन संस्थेकडे आहेत.

प्रत्येक प्रकारच्या होडीला एक अंक असतो. होडी जितकी वेगवान, तितका तो लहान. ऑलिंपिकमधल्या दोन खलाशांच्या ‘फोर्टीनाइनर’चा अंक 700 च्या आसपास, तर मुलांच्या ‘ऑप्टिमिस्ट’चा 1600 च्या वर. लागलेल्या वेळेला 1000 ने गुणून अंकाने भागले की सुधारित वेळ मिळते. समजा, 1100 अंकाची होडी 55 मिनिटांत आली आणि 1390 अंकाची 69 मिनिटांत. सुधारित वेळा अनुक्रमे 3000 आणि सुमारे 2978 सेकंद. म्हणजे 14 मिनिटे मागून आलेली होडी 22 सेकंदांनी जिंकली! किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाला हे पटवणे अवघडच.

हे अंक होडीची मापे घेऊन काढत नाहीत, क्लबांनी पाठवलेल्या निकालांवरून ठरवतात आणि वेळोवेळी सुधारतात. त्यामुळे एखाद्या प्रकारात तरबेज खलाशी जास्त असले की त्याचा अंक कडक होत जातो आणि नवशिक्याला तो जाचतो. स्थानिक अनुभवावरून क्लबाला अंक बदलण्याची मुभा असते.

पण अंक कितीही काटेकोर असला तरी त्याला त्या दिवसाचे पाणी ठाऊक नसते. पाण्यावर पाच नॉट आणि चार नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वेगाच्या दोन होड्या घ्या. वेगांचे प्रमाण 1.25. समोरून दोन नॉटचा भरतीचा प्रवाह आला की जमिनीच्या हिशेबाने वेग उरतात तीन आणि दोन, प्रमाण 1.5. संथ होडी हरते ती खलाशामुळे नव्हे. वाऱ्याचेही तसेच. वारा वाढला की हलक्या होड्या पाण्यावर उचलल्या जाऊन घसरत पळतात, जड होड्या स्वतःच्याच लाटेत अडकून राहतात.

म्हणून मोठा ताफा अंकांनुसार जलद, मध्यम, संथ अशा गटांत विभागून काही मिनिटांच्या अंतराने सोडतात. अंकांच्या यादीत जिथे नैसर्गिक खिंड पडते तिथे गट तोडणे शहाणपणाचे. गटांत होड्यांची संख्या सारखी ठेवण्याच्या हट्टापायी जवळच्या होड्या वेगळ्या पडतात.

मार्गाची आखणीही तितकीच निर्णायक. बोये, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणा, सरळ वाऱ्याच्या रेषेत टाकले तर वारा मागून असताना उभारायचे मोठे, फुगीर स्पिनेकर शीड असलेल्यांचे फावते. त्रिकोणी मार्गात वारा बाजूने घेण्याचे टप्पे येतात आणि साध्या शिडाच्या होड्याही टिकून राहतात. संथ होड्यांची तासभर वाट पाहायची नसेल तर जलद होड्यांना जास्त फेऱ्या देतात आणि सरासरी फेरीवेळेवर निकाल लावतात. ‘पर्स्यूट’ शर्यतीत सवलत सुरुवातीलाच वळती होते : सर्वांत संथ होडी आधी सुटते, बाकीच्या अंकाप्रमाणे मागून सुटतात आणि ठरलेली वेळ संपली की जी पुढे ती विजेती. इथे गणित किनाऱ्यावरही दिसते.