पिओनीची थंडी आणि सोलापूरचा ताण

सोलापूर जिल्ह्यातील डाळिंब बागाईतदाराला झाडाच्या विश्रांतीचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बहार धरायचा ठरला की तो आधी बागेचे पाणी तोडतो, जमीन हलकी असेल तर थोडे आणि भारी असेल तर अधिक दिवस झाडे ताणावर ठेवतो, पाने पिवळी पडू लागली की उरलेली पानगळ इथरेलच्या फवारणीने करून घेतो, हलकी छाटणी करतो, खते देतो आणि मग पाणी सोडून ताण तोडतो. त्यानंतर काही आठवड्यांत नव्या पालवीबरोबर झाड कळ्यांनी भरते. आंबे, मृग आणि हस्त यांपैकी कोणता बहार धरायचा हे पाण्यावर आणि बाजारावर ठरत असले, तरी वाढ काही काळ थांबल्याशिवाय भरघोस फूल येत नाही ही गोष्ट तिन्ही बहारांना सारखीच लागू आहे. पिओनी या फुलझाडालाही अशी विश्रांती लागते. मात्र ती पाणी तोडून देता येत नाही, ती थंडीतूनच मिळावी लागते. आणि सोलापुरात पिओनी लावावी काय, या प्रश्नाचे उत्तर याच फरकात आहे.

हा प्रश्न आता अनेकांना पडतो. लग्नसमारंभांच्या सजावटीत, कापडी फुलांत आणि मोबाइलवरील छायाचित्रांत ही टपोरी, असंख्य पाकळ्यांची फुले सतत दिसतात, आणि ऑनलाइन विक्रीत तिची मुळे व बियाही मिळतात. शिवाय सोलापुरातील कितीतरी घरांतील मुले-सुना अमेरिकेत, युरोपात स्थायिक झालेल्या आहेत. मे-जूनमध्ये त्यांच्याकडे गेलेल्या आईवडिलांना तिथल्या अंगणात पिओनी बहरलेली दिसते आणि तिचा एखादा तुकडा आपल्याकडे रुजेल का, असे वाटणे साहजिक आहे.

पिओनिया या प्रजातीत तीसेक जाती आहेत आणि पिओनिएसी या कुलात ही एकच प्रजाती आहे. पूर्वी तिला मोरवेलीच्या कुलात घालत असत. पुढे अंतर्गत रचनेच्या आणि डीएनएच्या अभ्यासाने ते वर्गीकरण चुकीचे ठरले, आणि आता तिचे स्थान आपल्या कुंडीतली पानफुटी ज्या गणात येते त्या गणात मानले जाते. तिच्या जाती युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात आहेत. सगळ्या समशीतोष्ण किंवा डोंगराळ प्रदेशांत. भारतातही एक आहे. पिओनिया इमोडी ही पांढऱ्या, एकेरी फुलांची जाती काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडातील डोंगरउतारांवर, साधारण दोन ते तीन हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात उगवते. तिचे मूळ युनानी वैद्यकात ‘ऊद सलीब’ म्हणून वापरले जाते आणि त्यासाठी ती रानातून उपटली गेल्यामुळे अनेक ठिकाणी विरळ झाली आहे. हिमालयातून परतताना तिचे मूळ आठवण म्हणून खणून आणू नये, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. त्यातून सोलापुरात फूल मिळणार नाही आणि तिथले एक झाड मात्र जाईल.

थंडी नेमके काय करते, हे पाहण्यासाठी वनौषधी प्रकारातील, म्हणजे लाकडी खोड नसलेल्या पिओनीचे वर्ष पाहावे. वसंतात जमिनीतून तांबूस कोंब वर येतात, वसंत संपता संपता फुले येतात, आणि त्यानंतर उन्हाळाभर पाने अन्न तयार करून जाड मुळांत पिष्टमयाच्या रूपाने साठवतात. त्याच काळात जमिनीलगतच्या गड्ड्यावर पुढील वर्षाचे डोळे तयार होतात, आणि हिवाळ्यापूर्वीच त्या डोळ्यांच्या आत पुढच्या फुलाची घडण सुरू होते. मग पाने वाळतात आणि डोळे सुप्तावस्थेत जातात. ही सुप्तावस्था बाहेरून लादलेली नसते. हवा उबदार असली, पाणी असले, तरी डोळा फुटत नाही, कारण त्याला आतूनच मनाई असते.

त्या मनाईत संप्रेरकांचा मोठा वाटा आहे. वाढ रोखणाऱ्या ॲब्सिसिक आम्लाचे प्रमाण जास्त आणि वाढीला चालना देणाऱ्या जिबरेलिनांचे कमी, अशी डोळ्यातील स्थिती असते. ॲस्पेनसारख्या थंड प्रदेशातील वृक्षांवरील संशोधनात असे आढळले आहे की, सुप्त कळीत पेशी-पेशींना जोडणारे सूक्ष्म मार्ग कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजवले जातात, त्यामुळे वाढीचे संदेश कळीच्या टोकापर्यंत पोहोचतच नाहीत. थंडीचे आठवडे सरत जातात तसे ॲब्सिसिक आम्ल घटते, जिबरेलिने वाढतात, पिष्टमयाचे साखरेत रूपांतर होते आणि ते मार्ग मोकळे होतात. एका थंड रात्रीने हे घडत नाही. थंडी साठत जावी लागते, आणि म्हणूनच ती तासांत मोजली जाते. पिओनीसाठी साधारणपणे ५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखालचे ५०० ते १००० तास लागतात असे धरतात. वाणानुसार ही गरज कमी-अधिक असते. थंडी अपुरी पडली तर थोडे कोंब येतात, ते खुरटे राहतात आणि कळी धरत नाही.

आता सोलापूरकडे पाहू. साडेसतरा अंशांच्या थोडे वरचे अक्षांश आणि समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंची, एवढ्यावरूनच हिवाळ्याची कल्पना येते. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रात्री अंगावर चादर ओढावी लागते हे खरे, पण तेव्हाही सरासरी किमान तापमान १५ अंशांच्या आसपास असते आणि दुपारी पारा तिशीला टेकतो. थंडीच्या लाटेत एखादी रात्र १० अंशांखाली गेली तरी ५ अंशांखालचे शेकडो तास इथे कोणत्याही वर्षी साठत नाहीत. कुंडीवर बर्फ ठेवल्यानेही फारसे काही होत नाही, कारण बर्फ वितळताच माती पुन्हा तापते.

तरीही कुणी सांगेल की मागवलेले मूळ कुंडीत लावले आणि चांगले कोंब आले. ते खरे असते. विक्रीची मुळे बहुधा शरदात उपटून शीतगृहात ठेवलेली असतात, म्हणजे त्यांची थंडी आधीच पूर्ण झालेली असते. असे मूळ फेब्रुवारीत हाती आले की सोलापूरच्या उबेत ते झपाट्याने फुटते, पानेही येतात आणि लावणाऱ्याला यश मिळाल्यासारखे वाटते. पण कोंब फुटल्यापासून फूल उमलेपर्यंत साधारण दोन महिने लागतात, आणि तेवढ्यात एप्रिल येऊन ठेपतो. उष्णतेत कळी वाटाण्याएवढी होऊन काळी पडते, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पानांच्या कडा करपतात, आणि रात्रीही उष्ण असल्याने दिवसभरात बनवलेले अन्न श्वसनातच खर्च होत जाते. मुळात साठा होत नाही, नवे डोळे धरत नाहीत. म्हणजे इथे थंडीच्या अभावापेक्षाही उन्हाळ्याचा मार जास्त निर्णायक ठरतो. थंडी एक वेळ विकत मिळते, उन्हाळा टाळता येत नाही.

थंडी विकत मिळते असे म्हटले, कारण शीतपेटीचा प्रयोग शास्त्रदृष्ट्या शक्य आहे. ऑक्टोबरात मिळालेले सुप्त मूळ ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून, २ ते ४ अंश तापमानात आठ ते दहा आठवडे ठेवायचे, शेजारी फळे ठेवायची नाहीत कारण त्यांतून निघणारा इथिलीन वायू डोळ्यांना बाधतो, आणि डिसेंबरअखेर मूळ कुंडीत लावायचे. फूल आले तर फेब्रुवारीच्या अखेरीस येईल, तेही दुपारच्या सावलीत आणि लवकर फुलणाऱ्या एकेरी वाणाला. इस्राएलसारख्या सौम्य हिवाळ्याच्या देशात अंशतः थंडी दिलेल्या रोपांना जिबरेलिक आम्लाचे द्रावण घालून फुले लवकर आणण्याच्या पद्धती तपासल्या गेल्या आहेत. पण तिथला हिवाळाही आपल्यापेक्षा थंड असतो. जिज्ञासूने हा प्रयोग एका मुळावर जरूर करावा. बागेचा भाग म्हणून मात्र सोलापुरात पिओनी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमिनीचा मुद्दा त्यामानाने छोटा आहे. आपली काळी, भारी, चुनखडीयुक्त माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पिओनीच्या मांसल मुळांना निचरा होणारी, उदासीन किंवा किंचित आम्ल पोयट्याची जमीन लागते. माती बदलता येते, हवा बदलता येत नाही.

ज्यांच्या मुलांचे अंगण थंड प्रदेशात आहे त्यांच्यासाठी लागवडीचे तंत्र नीट सांगायला हवे, कारण त्यातील एक गोष्ट आपल्या नेहमीच्या अनुभवाच्या उलट आहे. आपण आले-हळदीचे गड्डे मातीत चांगले गाडतो. वनौषधी पिओनीचा डोळा मात्र मातीच्या पृष्ठभागाखाली ३ ते ५ सेंटीमीटरच असावा, आणि हिवाळा सौम्य असेल तिथे त्याहूनही उथळ. खोल गेलेल्या झाडाला वर्षानुवर्षे पाने येत राहतात, फुले येत नाहीत. पिओनी न फुलण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावी, म्हणजे जमीन गोठण्यापूर्वी बारीक मुळे धरतात. गड्ड्याच्या तुकड्यावर तीन ते पाच डोळे असावेत, दोन झाडांत सुमारे ९० सेंटीमीटर अंतर असावे आणि किमान सहा तास ऊन मिळावे. पहिल्या वर्षी फुलाची अपेक्षा ठेवू नये. तिसऱ्या वर्षी झाड खऱ्या अर्थाने भरते, आणि जागा मानवली तर पन्नास वर्षांहून अधिक काळ तिथेच फुलत राहते. म्हणून जागा निवडतानाच विचार करावा, नंतर हलवणे तिला सोसत नाही. नत्रयुक्त खत जास्त झाले तर देठ लुसलुशीत होऊन लोळतात. फुले संपल्यावर पाने कापण्याची घाई करू नये, कारण पुढच्या वर्षाचे फूल त्याच पानांवर पोसले जाते. शरदात ती वाळल्यावर मात्र कापून बागेबाहेर टाकावीत, नाहीतर बॉट्रायटिस या करड्या बुरशीचे बीज तिथेच हिवाळा काढते.

वृक्ष पिओनी म्हणतात ती प्रत्यक्षात दीड-दोन मीटर उंचीची झुडपे आहेत. ती मूळची चीनची असून तिथे शतकानुशतके जोपासली गेली आहेत, आणि लोयांग शहरात दर वसंतात त्यांच्या फुलांचा उत्सव भरतो. हिवाळ्यात त्यांची पाने गळतात, लाकूड राहते. ते चुकूनही जमिनीलगत कापू नये. ही झाडे बहुधा वनौषधी पिओनीच्या मुळावर कलम केलेली असतात, आणि इथे खोलीचा नियम उलटतो: कलमाचा सांधा १० ते १५ सेंटीमीटर खोल गाडतात, म्हणजे वरच्या फांदीला स्वतःची मुळे फुटतात आणि खालच्या उसन्या मुळावरचे अवलंबन संपते. खुंटातून वनौषधी पिओनीचे कोंब आले तर ते काढून टाकावेत.

तिसरा प्रकार मानवनिर्मित आहे आणि त्यामागे एका माणसाची चिकाटी आहे. बागेतल्या वनौषधी पिओनींचे बहुतेक वाण ज्या लॅक्टिफ्लोरा जातीतून आले, तिच्यात पांढरा, गुलाबी, लाल हे रंग विपुल असले तरी गडद पिवळा नाही. तो वृक्ष पिओनींच्या एका शाखेत आहे. दोघींचा संकर होत नाही असे मानले जात असे. जपानचे तोइची इतो यांनी सतत प्रयत्न करून १९४८ मध्ये ‘काकोदेन’ या पांढऱ्या वनौषधी वाणावर ‘ॲलिस हार्डिंग’ या पिवळ्या वृक्ष-संकराचे पराग घातले आणि त्यांना रुजणारे बी मिळाले. १९५६ मध्ये ते वारले. त्या रोपांना फुले आली ती त्यांच्या मृत्यूनंतर. आज या गटाला इतो पिओनी म्हणतात. वृक्ष पिओनीची पाने आणि फुले, वनौषधी पिओनीसारखे दर हिवाळ्यात जवळजवळ जमिनीपर्यंत वाळून जाणे, आणि न लोळणारे देठ असे गुण तिच्यात एकत्र आले. ‘बार्टझेला’ हा तिचा लिंबूपिवळा वाण विशेष प्रसिद्ध आहे. लागवड वनौषधी प्रकाराप्रमाणे उथळच करायची, फक्त शरदात देठ कापताना खालचे १०-१५ सेंटीमीटर लाकूड ठेवायचे, कारण काही डोळे त्यावरही असतात.

दुहेरी फुलांच्या पाकळ्या पुष्कळदा मुळात पुंकेसर असतात. पुंकेसरांचे पाकळ्यांत रूपांतर जितके पुढे गेले तितके फूल भरगच्च. १९०६ चा ‘सारा बर्नहार्ट’ हा गुलाबी वाण असाच भरगच्च आहे आणि पावसाचे पाणी पाकळ्यांत साचून त्याचे देठ वाकतात. सारख्या पावसाच्या गावी एकेरी फुलेच बरी. कळ्यांवर मुंग्या दिसल्या तर फवारणी करू नये. कळीबाहेरील हिरव्या दलांतून गोड रस पाझरतो, मुंग्या तो खातात आणि त्या बदल्यात कळी कुरतडणाऱ्या किडींना हाकलतात. मुंग्यांशिवाय कळी उमलत नाही ही समजूत मात्र खरी नाही.

बियांच्या पाकिटांबाबत सावध राहावे. पिओनीच्या बीला दुहेरी सुप्तावस्था असते: आधी उबदार ओलाव्यात मूळ फुटते, नंतर थंडी मिळाल्यावरच कोंब वर येतो. उगवणीला दोन वर्षे आणि फुलाला त्यापुढे आणखी काही वर्षे लागू शकतात, शिवाय बीपासून आलेले रोप मूळ वाणासारखे नसते. ‘पिओनी पॉपी’ या नावाने विकले जाणारे बी तर दुहेरी फुलांच्या अफूचे असते, आणि परवान्याशिवाय अफूची लागवड करणे हा अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

सोलापुरात भरगच्च फूल हवे असेल तर ज्या झाडांची खूण इथल्या हवेत आहे ती निवडावीत. शेवंतीला थंडी नव्हे, लांबणारी रात्र कळी धरायला लावते, आणि ती रात्र इथेही पावसाळा सरताना लांबतेच. डेलिया आपल्या कोरड्या, सौम्य हिवाळ्यात कुंडीतही उत्तम फुलतो. पाने वाळल्यावर त्याचे कंद काढून सावलीत कोरड्या वाळूत ठेवावेत. मे फ्लॉवरचा कांदा तर कोरड्या मातीत विश्रांती घेतो आणि वळवाचा पाऊस पडताच लाल चेंडूसारखे फूल वर काढतो. हिवाळ्यात त्याची पाने गेली की कुंडीचे पाणी पूर्ण बंद करावे आणि एप्रिलअखेर पुन्हा सुरू करावे.