राजाचा शब्द आणि पॅरिसची नोंदवही

13 एप्रिल 1655 रोजी सोळा वर्षांचा चौदावा लुई पॅरिसच्या न्यायालयात गेला आणि ‘राज्य म्हणजे मीच’ असे तिथल्या न्यायाधीशांना सुनावून आला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांपासून सगळीकडे सापडते. त्या काळच्या कोणत्याही नोंदीत हे वाक्य नाही. राजा त्या दिवशी तिथे गेला होता, एवढे मात्र खरे. त्याने आदल्याच महिन्यात जातीने जाऊन नोंदवून घेतलेल्या करांच्या हुकमांवर न्यायाधीश पुन्हा चर्चा करू लागले होते, आणि ती थांबवायची होती. ज्याचा शब्द हाच कायदा, त्याला न्यायालयाची पायरी का चढावी लागली? अनियंत्रित राजेशाही कळायची असेल तर दंतकथेपेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

या न्यायालयाचे नाव ‘पार्लमाँ’. नावसाधर्म्यामुळे इंग्लंडच्या पार्लमेंटशी त्याची नेहमी गल्लत होते. पार्लमाँ ही निवडून आलेली सभा नव्हती. तेराव्या शतकात राजदरबारातून फुटून निघालेले ते वरिष्ठ न्यायालय होते. पॅरिसच्या पार्लमाँचा अंमल राज्याच्या सुमारे एक तृतीयांश भागावर चाले. पुढे तुलूझ, ग्रनोब्ल, बोर्दो, दिजाँ, रेन अशा ठिकाणी प्रांतिक पार्लमाँ उभ्या राहिल्या आणि 1789 पर्यंत पॅरिस धरून एकूण संख्या तेरा झाली. खटले चालवणे हे त्यांचे काम. पण राजाचा नवा हुकूम आपल्या नोंदवहीत उतरवून घेणे हेही त्यांच्याकडेच होते, आणि वहीत चढल्याशिवाय तो हुकूम त्या पार्लमाँच्या हद्दीत लागू होत नसे. आपल्याकडे कागद ‘दप्तरी दाखल’ झाला की तो निकालात निघाला असे समजतात. तिथे उलटे होते. दप्तरी दाखल झाल्यावरच कागदात जीव येई.

हुकमाचा प्रवास असा. राजाच्या मंडळात मसुदा होई आणि चॅन्सलर, म्हणजे राजाचा सर्वोच्च न्यायमंत्री, त्यावर मोहोर करी. कायमस्वरूपी हुकमाला हिरव्या मेणाची मोहोर असे. मग राजाचा सरकारी वकील तो पार्लमाँपुढे ठेवी. एक न्यायाधीश वाचून अहवाल देई, चर्चा होई आणि मान्य झाल्यास नोंद होई. जुन्या कायद्याशी विसंगती दिसली किंवा कर जाचक वाटला, तर पार्लमाँ नोंद थांबवून राजाला लेखी हरकत पाठवी. या हरकतीला ‘रमोंत्राँस’ म्हणत. भाषा कमालीची नम्र असे. महाराजांना चुकीची माहिती मिळाली असावी, एवढाच सूर. राजाने ऐकले नाही तर दुसरी हरकत जाई. त्यावर राजा ‘नोंद कराच’ असे आज्ञापत्र धाडी. तेही टाळले गेले की शेवटचे हत्यार निघे, ते म्हणजे ‘ली द ज्युस्तीस’, शब्दशः न्यायाची शय्या.

म्हणजे राजा स्वतः न्यायालयात येई. दालनाच्या कोपऱ्यात छताखाली गाद्यागिरद्यांचे उंच आसन मांडलेले असे. चॅन्सलर गुडघा टेकून राजाची इच्छा विचारून घेई, मग रांगांमधून फिरत दबक्या आवाजात मते घेतल्यासारखे करी आणि नोंद झाल्याचे जाहीर करी. न्यायाधीशांचा अधिकार राजाकडूनच आलेला. मालक घरात असताना कारभाऱ्याने काय बोलावे, हे त्यामागचे तर्कशास्त्र. तरी नोंदीत ‘राजाच्या खास आज्ञेवरून’ असा शेरा मारला जाई. वाचणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळे: आम्ही राजीखुशीने केलेले नाही.

आता साधा प्रश्न येतो. अशा न्यायाधीशांना राजाने सरळ काढून का टाकले नाही? एक अडचण जुनी होती. मृत्यू, राजीनामा किंवा सिद्ध झालेला गुन्हा यांखेरीज पद रिकामे होणार नाही, असे अकराव्या लुईने 1467 मध्येच मान्य केले होते. पण खरी अडचण पैशाची होती. फ्रान्समध्ये न्यायाधीशाचे पद विकत मिळे. युद्धासाठी रोकड हवी असली की राजा नवी पदे निर्माण करून विकी. आरंभी एक पेच होता: पद मुलाला किंवा दुसऱ्याला दिल्यापासून 40 दिवसांच्या आत मूळ धारक मेला, तर पद राजाकडे परत जाई. 1604 मध्ये चौथ्या हेन्रीने त्यावर तोड काढली. पदाच्या ठरवलेल्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी भरा, मग 40 दिवसांची अट नाही. ही पट्टी वसूल करण्याचा मक्ता घेणाऱ्या शार्ल पोलेच्या नावावरून तिला ‘पोलेत’ म्हणू लागले. खजिन्यात दरवर्षी खात्रीची रक्कम येऊ लागली, पण पद घराण्यात मुरले. आपल्याकडच्या वतनाशी त्याचे बरेच जुळते. फरक इतकाच की हे पद रोख मोजून घेतलेले असे. काढून टाकायचे तर किंमत परत करायला हवी, आणि तेवढा पैसा असता तर पदे विकायची वेळच आली नसती. पगार बेताचा असे. त्याला पक्षकारांकडून मिळणाऱ्या ‘मसाल्यां’ची जोड असे. हे नाव शब्दशः मसाल्याचेच; पूर्वी खटला जिंकणारा मिठाई-मसाले भेट देई, पुढे त्याची रोख फी झाली.

पोलेतची मुदत साधारण नऊ वर्षांची असे, आणि नूतनीकरणाच्या वेळी दोन्ही बाजू घासाघीस करत. 1648 मध्ये मुख्यमंत्री माझारँने मुदतवाढीच्या बदल्यात चार वर्षांचा पगार सोडा, अशी अट पॅरिसच्या इतर वरिष्ठ न्यायालयांना घातली. फूट पडावी म्हणून पार्लमाँला मात्र तिच्यातून वगळले. डाव उलटला. 13 मे रोजी पार्लमाँने इतरांशी एकजूट जाहीर केली. त्यांच्या संयुक्त बैठकीतून 27 कलमांची मागणी निघाली: प्रांतांतले राजाचे खास अधिकारी परत बोलवा, संमतीशिवाय नवा कर नको, कारण न देता कोणाला डांबून ठेवू नका. 26 ऑगस्टला ब्रूसेल नावाच्या वृद्ध न्यायाधीशाला अटक होताच पॅरिसच्या रस्त्यांत अडथळे उभे राहिले. ‘फ्रोंद’ नावाच्या बंडाळीची ही सुरुवात. लुई तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता.

मोठेपणी त्याने पार्लमाँ बंद केल्या नाहीत, पदविक्रीही थांबवली नाही. त्याने क्रम बदलला. 1673 च्या आज्ञेनुसार हुकूम आधी नोंदवायचा आणि हरकत नंतर पाठवायची. कागदावर हक्क राहिला, पण त्यातली धार गेली. त्यानंतर त्याच्या हयातीत पार्लमाँचा आवाज फारसा उठला नाही. ‘अनियंत्रित’ या शब्दाचा त्या काळातला अर्थ हाच होता: राजावर बसवलेला दुसरा मानवी अधिकार नाही. वाटेल ते करण्याची मुभा त्यात नव्हती. गादी कोणाकडे जाईल हे राजा ठरवू शकत नसे, आणि राजघराण्याची जमीन कायमची विकण्यास 1566 पासून बंदी होती. मेल्यावर तर त्याचा शब्द आणखीच हलका होई. लुईने मृत्युपत्रात अल्पवयीन वारसाच्या वतीने राज्य चालवणाऱ्या राज्यपालकाचे, ड्यूक ऑफ ऑर्लेयाँचे, हात बांधून ठेवले होते. 1 सप्टेंबर 1715 ला तो वारला आणि दुसऱ्याच दिवशी पार्लमाँने ते मृत्युपत्र बाजूला सारले. मोबदल्यात राज्यपालकाने दोन आठवड्यांच्या आत नोंदीआधी हरकत घेण्याचा हक्क परत दिला. बेचाळीस वर्षांचा बंदोबस्त असा एका सौद्यात गेला.

अठराव्या शतकातला झगडा मुख्यतः कर आणि कर्ज यांचा. नोंदीमुळे कर्जाला वजन येई. पार्लमाँने नोंदवलेल्या रोख्याला सावकार जास्त भरवशाचा समजत, म्हणून राजाला नोंदवहीची गरज शत्रूसारखी नव्हे तर जामीनदारासारखी होती. पार्लमाँकडेही हत्यार होते. काम बंद ठेवले की दिवाणी दावे अडत आणि पक्षकार, वकील, कारकून सगळेच खोळंबत. राजा मग न्यायाधीशांना दूरच्या गावी हद्दपार करी आणि काही महिन्यांनी तडजोड करून परत बोलावी. हे इतक्यांदा घडले की दोन्ही बाजूंना पुढची चाल पाठ झाली होती.

एकाच चॅन्सलरने हा डाव मुळापासून मोडायचा प्रयत्न केला. 19 जानेवारी 1771 च्या रात्री मोपूने शिपाई पाठवून पॅरिसच्या न्यायाधीशांना झोपेतून उठवले आणि कामावर येणार की नाही ते ‘हो’ किंवा ‘नाही’ असे लिहून मागितले. नाही म्हणणारे हद्दपार झाले. त्यांच्या जागी पगारी न्यायाधीश नेमले, ‘मसाले’ बंद केले आणि पॅरिसच्या अवाढव्य हद्दीत सहा नवी वरिष्ठ न्यायालये काढली. न्यायदानाच्या दृष्टीने पाहिले तर ही सुधारणा बरी होती, असे माझे मत आहे. पण तिला आधार फक्त पंधराव्या लुईचा होता, आणि तो मे 1774 मध्ये देवीने वारला. नव्या राजाने लोकप्रियतेसाठी त्याच वर्षी जुनी पार्लमाँ परत आणली.

तेरा वर्षांनी त्याची किंमत कळली. 1788 च्या हिशोबात खर्चाचा निम्मा भाग कर्जफेडीत आणि व्याजात जात होता. 19 नोव्हेंबर 1787 रोजी 42 कोटी लीव्र कर्जाचा हुकूम मते न मोजता नोंदवला गेला, तेव्हा त्याच घराण्यातला त्या वेळचा ड्यूक ऑफ ऑर्लेयाँ हे बेकायदा आहे असे म्हणाला. राजा उत्तरला, माझी इच्छा आहे म्हणून ते कायदेशीर आहे. मे 1788 मध्ये नोंदीचा अधिकारच नव्या दरबारी मंडळाकडे देण्याचे ठरताच प्रांत पेटले. 7 जूनला ग्रनोब्लमध्ये लोकांनी छपरांवरून सैनिकांवर कौले फेकली. ऑगस्टमध्ये खजिन्याने रोखीचे काही देणे थांबवले आणि 1614 नंतर न भरलेली धर्मगुरू, सरदार आणि सामान्य या तिन्ही वर्गांची महासभा बोलावणे भाग पडले.

परतलेल्या पार्लमाँने सप्टेंबरमध्ये ही सभा 1614 च्याच पद्धतीने भरावी असे म्हटले, म्हणजे सामान्यांचे मत तीनातले एक. कालपर्यंत जयजयकार करणारे पॅरिस तेव्हाच तिच्यावर उलटले. 1790 च्या सप्टेंबरात पार्लमाँ बरखास्त झाल्या आणि पदांचा मोबदला द्यायचे ठरले. खालच्या न्यायालयांतल्या आणि इतर कित्येक पदाधिकाऱ्यांनी 1771 मध्ये एक टक्क्याची वार्षिक पट्टी कमी बसावी म्हणून आपल्या पदाची किंमत मुद्दाम कमी लिहून दिली होती. आता त्याच आकड्याने हिशोब झाला, आणि तोही भाव उतरत चाललेल्या कागदी ‘आसिन्या’ नोटांत.