विमानातील वीज : निर्मिती आणि नियमन

उडत्या विमानाला लागणारी वीज विमानातच तयार करणारी, तिचा दाब (व्होल्टेज) आणि वारंवारता ठरलेल्या मर्यादेत राखणारी आणि दिवे, रडार, संगणक, इंधनपंप, गॅलीतल्या (विमानातल्या स्वयंपाकघरातल्या) भट्ट्या यांच्यापर्यंत ती पोहोचवणारी यंत्रणा. बहुतेक प्रवासी जेट विमानांत मुख्य वीज थ्री-फेज एसी (तीन तारांतून येणारी, सतत दिशा बदलणारी) असते : फेज आणि न्यूट्रल यांच्यात ११५ व्होल्ट, दोन फेजमध्ये २०० व्होल्ट, वारंवारता ४०० हर्ट्‌झ. जोडीला संगणक, रिले आणि बॅटरी यांच्यासाठी २८ व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज). सेसना १७२ सारख्या छोट्या प्रशिक्षण विमानाचे काम मात्र मोटारीसारखा एक अल्टरनेटर आणि एक बॅटरी यांवर भागते.

चुंबक फिरवला की वीज तयार होते, तो यातला सोपा भाग. अवघड आहे ते ती स्थिर राखणे. इंजिनाचा वेग वैमानिकाला किती जोर हवा त्यावर ठरतो, विजेची गरज काय आहे हे इंजिनाला ठाऊक नसते. या यंत्रणेचा इतिहास म्हणजे बव्हंशी या एका अडचणीवर काढलेल्या तोडग्यांचा इतिहास आहे.

४०० हर्ट्‌झच का?

आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झची असते. वारंवारता आठपट केली की तेवढ्याच शक्तीच्या रोहित्राला (ट्रान्सफॉर्मरला) आणि मोटारीला लोखंडी गाभा खूपच कमी लागतो, आणि विमानात प्रत्येक किलोला किंमत आहे. जास्त वारंवारतेची वीज लांबच्या तारांतून नेताना दाब अधिक पडतो. शहराला असा पुरवठा परवडणार नाही, पण काही दहा मीटर लांबीच्या विमानात हा तोटा सोसता येतो. याचा एक परिणाम विमानतळावर दिसतो. उभ्या विमानाला गावातली वीज थेट जोडता येत नाही. आधी तिचे ४०० हर्ट्‌झमध्ये रूपांतर करावे लागते आणि मग ती सहा पिनांच्या प्लगने, मनगटाएवढ्या जाड केबलमधून विमानाच्या नाकाजवळ जोडतात.

वेग बांधून ठेवणारा गिअर

जनित्र इंजिनाला जोडलेल्या गिअरबॉक्सवर बसते. चार ध्रुवांच्या जनित्राला ४०० हर्ट्‌झ देण्यासाठी मिनिटाला बरोबर १२,००० फेरे घ्यावे लागतात. दोन ध्रुवांचे असेल तर २४,०००. इंजिनाचा वेग मात्र आयडलपासून (इंजिन नुसते चालू असण्यापासून) उड्डाणापर्यंत साधारण दुपटीने बदलतो. लग्नाच्या मांडवातल्या डिझेल जनरेटरचा वेग पडला की दिवे कसे मंदावतात हे अनेकांनी पाहिले असेल. तेच विमानात झाले तर मोटारी आणि रोहित्रे तापतील, उपकरणे बंद पडतील.

त्यावरचा उपाय म्हणजे स्थिरवेग ड्राइव्ह. त्यात एक डिफरन्शियल, म्हणजे दोन वेग एकत्र करणारा, गिअर असतो आणि शेजारी तेलावर चालणारी पंप-मोटारीची जोडी. इंजिन हळू फिरत असेल तर ही जोडी कमी पडलेले फेरे वरून घालते, जोरात फिरत असेल तर जादाचे फेरे वजा करते. किती घालायचे आणि किती वजा करायचे हे पंपातल्या एका तिरक्या तबकडीचा कोन ठरवतो आणि तो कोन वेगावर लक्ष ठेवणारा गव्हर्नर क्षणोक्षणी बदलत राहतो. यंत्रशास्त्रातली इतकी नेमकी आणि इतकी कष्टाळू वस्तू क्वचितच सापडेल. पुढे हा ड्राइव्ह आणि जनित्र एकाच कवचात आले. बोइंग ७३७ च्या नंतरच्या पिढ्यांत आणि एअरबस ए३२० मध्ये दर इंजिनामागे असे एक ९० केव्हीएचे (किलोव्होल्ट-अँपिअर, विजेच्या क्षमतेचे माप) एकक असते.

एककाचे तेल फार तापले किंवा तेलाचा दाब गेला, तर वैमानिक झाकणाखालचा बटन दाबून त्याला इंजिनापासून सोडवतो. एकदा सोडवले की हवेत असताना ते परत जोडता येत नाही; जमिनीवर, इंजिन थांबलेले असतानाच तंत्रज्ञ ते जोडतो. म्हणून झाकण उघडण्याआधी दोन्ही वैमानिक आपण योग्य बाजूचाच बटन धरला आहे ना, हे एकमेकांकडून तपासून घेतात. हे सगळे चुकले आणि जनित्र जाम झाले, तर शेवटचा बचाव म्हणून त्याच्या दांड्याला मुद्दाम एक बारीक मान ठेवलेली असते. आधी ती तुटते आणि इंजिनाचा गिअरबॉक्स वाचतो.

दाब कसा राखतात

जुन्या जनित्रांत फिरत्या भागाला वीज देण्यासाठी कार्बन ब्रश असत. उंचावरच्या विरळ, कोरड्या हवेत ते भराभर झिजतात. कार्बनला वंगणासारखे काम देणारा ओलाव्याचा पातळ थर तिथे टिकत नाही, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या उंच उडणाऱ्या विमानांना याचा मोठा त्रास झाला. आजच्या जनित्रात ब्रश नसतात. एकाच दांड्यावर तीन यंत्रे असतात. पहिले कायमचुंबकाचे छोटे जनित्र; ते फिरू लागताच बाहेरच्या मदतीशिवाय थोडी वीज देते. ती नियंत्रकाकडे जाते आणि तिथून मोजून-मापून दुसऱ्या यंत्राच्या, म्हणजे एक्साइटरच्या स्थिर वेटोळ्यांत सोडली जाते. एक्साइटरच्या फिरत्या भागात तयार झालेली एसी दांड्यावरच बसवलेले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) डीसी करून देतात. हे डायोड दांड्याबरोबर हजारो फेऱ्यांनी गरगरत असतात. ही डीसी मुख्य जनित्राचा विद्युतचुंबक जागा करते आणि मग ११५ व्होल्ट बाहेर येतात.

थोडक्यात, एक्साइटरला जाणारा एवढासा प्रवाह कमीजास्त केला की नव्वद केव्हीएच्या जनित्राचा दाब हातात राहतो. हे काम जनित्र-नियंत्रकाचे. पूर्वी त्या जागी कार्बनच्या चकत्यांची चळत असे. चकत्या कमीजास्त आवळल्या की चळतीचा रोध बदलायचा. आता इलेक्ट्रॉनिक पेटी असते. ती व्होल्टेज जनित्राच्या तोंडाशी न मोजता केबलच्या दुसऱ्या टोकाला, बसबारच्या (वीज वाटून देणाऱ्या मुख्य पट्टीच्या) जवळ मोजते. वाटेत पडणारा दाब त्यामुळे आपोआप भरून निघतो.

हीच पेटी राखणदारही आहे. दाब किंवा वारंवारता मर्यादेबाहेर गेली की ती जनित्राचे चुंबकक्षेत्र तोडते आणि मुख्य ब्रेकर उघडते. जनित्रातून निघालेला प्रवाह आणि बसबारला पोहोचलेला प्रवाह यांचाही ती हिशेब ठेवते. वाटेत तफावत आली म्हणजे कुठेतरी तार विमानाच्या अंगाला चिकटली आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतूक नियंत्रक संस्थेने) या पेटीबाबत एक आदेश काढला. बोइंग ७८७ चे नियंत्रक सलग २४८ दिवस चालू राहिले तर सॉफ्टवेअरमधला एक गणक ओसंडतो. चारही मुख्य नियंत्रक एकाच वेळी चालू केलेले असतील तर ते एकाच वेळी आपली जनित्रे बंद करतील, विमान हवेत असो वा नसो. उपाय साधा होता : ठरावीक मुदतीत वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायची.

वाटप आणि भारनियमन

जनित्राची वीज बसबारवर येते. दोन इंजिनांचे दोन मुख्य बसबार, त्यांच्यावरून पोसले जाणारे अत्यावश्यक बसबार आणि बॅटरीला कायम जोडलेला एक छोटा बसबार, अशी साधारण रचना असते. रोहित्र आणि रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) यांचे जोड-एकक एसीतून २८ व्होल्ट डीसी काढते. विमान निघण्याच्या सुमारास केबिनमधले दिवे क्षणभर मिचकतात, तेव्हा बसबार एका स्रोतावरून दुसऱ्यावर जात असतो. अनेक विमानांत दोन स्रोत एकाच वेळी एका बसबारवर येऊ देत नाहीत. आधीचा सुटतो, मग नवा लागतो. बोइंग ७४७ मध्ये मात्र चारही जनित्रे समांतर चालवता येत.

एक जनित्र गेले तर उरलेले एक पूर्ण विमान ओढू शकते, पण त्यासाठी भारनियमन होते. महाराष्ट्राला हा शब्द चांगलाच परिचयाचा आहे. विमानात ते आपोआप घडते आणि पहिली पाळी गॅलीची. जेवण गार राहते, उड्डाणाची उपकरणे चालू राहतात.

दोन्ही इंजिने गेली तर शेपटीतले छोटे टर्बाइन, म्हणजे एपीयू, कामाला येते. १५ जानेवारी २००९ रोजी पक्ष्यांच्या धडकेने न्यूयॉर्कवर यूएस एअरवेजच्या ए३२० ची दोन्ही इंजिने निकामी झाली. कॅप्टन सलनबर्गर यांनी कृतियादीत ती पायरी येण्याची वाट न पाहता एपीयू चालू केले. वीज टिकली, विमानाला धोक्याच्या स्थितीत जाऊ न देणारी संगणकांची संरक्षणे टिकली आणि विमान हडसन नदीवर उतरवता आले. तेही नसेल तर पोटाखालून वाऱ्यावर फिरणारे एक टर्बाइन बाहेर पडते. ए३२० मध्ये ते हायड्रॉलिक पंप फिरवते आणि त्या दाबावर आपत्कालीन जनित्र चालते. १९२० च्या दशकात रेडिओसाठी विमानाबाहेर असेच वाऱ्यावरचे जनित्र लावत. ती जुनी कल्पना अजून जीव वाचवते आहे. ते फिरू लागेपर्यंतचा भार बॅटरीवर. म्हणूनच अंधाऱ्या कॉकपिटमध्ये शिरलेला ए३२० चा वैमानिक आधी बॅटरीचा आकडा पाहतो. २५.५ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्जिंग.

वारंवारता मोकळी सोडली तेव्हा

स्थिरवेग ड्राइव्ह जड असतो आणि त्याची निगाही फार. एअरबस ए३८० ने तो काढूनच टाकला : १५० केव्हीएची चार जनित्रे, वारंवारता इंजिनाबरोबर बदलू दिलेली. दाब स्थिर ठेवायचा आणि वारंवारतेचा प्रश्न ज्या उपकरणाला ती हवी त्याने सोडवायचा. बोइंग ७८७ या वाटेने आणखी पुढे गेले. दर इंजिनावर २५० केव्हीएची दोन आणि एपीयूवर २२५ केव्हीएची दोन, मिळून १,४५० केव्हीए. दाब २३५ व्होल्ट, म्हणजे तेवढ्याच शक्तीला जेमतेम निम्मा प्रवाह आणि बारीक तारा. केबिनमधली हवा दाबणे, पंखांवरचे बर्फ वितळवणे ही कामे पूर्वी इंजिनातून काढलेल्या गरम हवेवर चालत, ती इथे विजेवर होतात. हीच जनित्रे मोटार बनून इंजिन सुरूही करतात. विमानाचे धातूचे अंग एरवी परतीची तार म्हणून वापरतात. ७८७ चे अंग कार्बन कंपोझिटचे असल्याने त्यासाठी वेगळे वाहक जाळे घालावे लागले.

या विमानाची लिथियम-आयन बॅटरी मात्र महागात पडली. ७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टनला उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानात एपीयूच्या बॅटरीने पेट घेतला आणि १६ तारखेला ऑल निप्पॉनचे विमान धुराच्या इशाऱ्याने ताकामात्सुला तातडीने उतरले. जगभरची ७८७ जमिनीवर आली. एअर इंडियाची सहा विमानेही त्यांत होती. एप्रिलच्या अखेरीस ती पुन्हा उडू लागली तेव्हा घटांमधले इन्सुलेशन वाढवलेले होते आणि बॅटरी एका बंद स्टीलच्या पेटीत ठेवलेली होती. घट पेटलाच तर वायू आणि धूर पेटीच्या नळीतून थेट विमानाबाहेर जातो.