तळपायाची संवेदना आणि वृद्धांचा तोल : पार्श्वभूमी

पाय जुळवून उभ्या राहिलेल्या माणसाने डोळे मिटताच त्याचा तोल ढळू लागला, तर पायांकडून मेंदूकडे जाणाऱ्या माहितीत खंड पडला असावा, हे बर्लिनचे वैद्य मॉरिट्झ रोम्बर्ग यांचे एकोणिसाव्या शतकातील निरीक्षण आजही तपासणीत वापरले जाते. त्या माहितीत तळपायाच्या त्वचेचा वाटा नेमका किती, हे कळायला मात्र बराच काळ गेला. १९९८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी चवड्याला कंपन दिले तेव्हा उभी माणसे मागे झुकली आणि टाचेला दिले तेव्हा पुढे. म्हणजे दाब कुठे पडतो यावरून मेंदू शरीराचा कल ओळखतो. वयाबरोबर ही संवेदना बोथट होते, आणि तिला चेतवता येईल का, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला.

उत्तराचा एक धागा अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आला. हिमयुगांची आवर्तने समजावून घेताना १९८१ मध्ये इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी ‘स्टोकॅस्टिक रेझोनन्स’ची कल्पना मांडली होती : क्षीण संकेतात योग्य प्रमाणात अनियमित गोंगाट मिसळला, तर तो संकेत दबण्याऐवजी जाणवण्याचा उंबरठा ओलांडतो. १९९३ मध्ये क्रेफिश या गोड्या पाण्यातील कवचधारी प्राण्याच्या स्पर्शग्राही पेशींत आणि १९९६ मध्ये माणसाच्या बोटांच्या स्पर्शात हाच परिणाम आढळला. त्यानंतर बोस्टनमधील जेम्स कॉलिन्स व सहकाऱ्यांनी जाणवणारही नाही इतके सौम्य, अनियमित कंपन देणारे जेलचे इनसोल (पायाखाली ठेवायचे तळवे) तयार केले. २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत १५ तरुण व १२ वृद्ध होते; दोन्ही गटांत उभे असतानाचे डोलणे घटले आणि काही मोजमापांत वृद्धांना अधिक लाभ दिसला.

कॅनडातील संशोधकांनी साधी वाट निवडली. बुटातील इनसोलच्या कडेला त्यांनी उंचवटा ठेवला, जेणेकरून शरीराचा भार कडेकडे सरकताच त्वचेला दाब जाणवावा. यात बॅटरी नाही, बिघडण्यासारखे काही नाही. म्हणून प्रस्तुत लेखकाला हा मार्ग कंपनाइतकाच लक्षणीय वाटतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वृद्धांनी असे इनसोल १२ आठवडे रोजच्या वापरात घातले.

यातील बहुतेक प्रयोगांनी मोजले ते डोलणे किंवा चालण्यातील स्थैर्य. डोलणे घटले म्हणजे पडणे तितकेच घटेल, असे गृहीत धरता येत नाही. पडण्यामागे दृष्टी, स्नायूंची शक्ती आणि औषधेही असतात, आणि पडण्यातील फरक खात्रीने दाखवायचा तर कितीतरी अधिक लोकांवर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते.