तीच धून, सम वेगळी

शेजारची मुलगी कीबोर्डच्या क्लासला जाते. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून एकच धून येते: प, सारे, गम, प, सा, सा. मग ध, मप, धनी. सां, सा, सा. बिलावलचे स्वर, तीन-तीन मात्रांची चाल. तिच्या पुस्तकात वर 'बाख' (जर्मन संगीतकार) छापलंय, ते चूक. बाखची बायको आन्ना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीत ही धून आहे खरी, पण रचना ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड याची.

१९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'द टॉइज' या तीन मुलींनी या धुनीचंच गाणं केलं, 'अ लव्हर्स कॉन्चेर्टो'. अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. आपल्याकडे आज विचारा, फारसं कुणी ओळखणार नाही. ते रचणाऱ्या सँडी लिंझर आणि डेनी रँडेल यांनी मुखड्याचे स्वर जवळपास तेच ठेवले, पण तीनाचे चार केले. दादऱ्याची चीज केरव्यात बसवली म्हणा ना. मी ते शेजारच्या मुलीला ऐकवलं. "छान आहे, पण हे माझं नाही," म्हणाली!

असं का होतं? कारण ठोके हवेत असतात, सम (म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा) मात्र बरीचशी डोक्यात. २०११ च्या एका प्रयोगात लोकांना सेकंदाला २.४ ठोके पडणारा एकसारखा आवाज ऐकवला. कुठल्याच ठोक्यावर जोर नव्हता. मग सांगितलं, मनातल्या मनात दोन-दोनचे गट धरा, नंतर तीन-तीनचे. ईईजीत (मेंदूतल्या विद्युतलहरींच्या नोंदीत) २.४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला २.४ वेळा येणारी लय दिसलीच, पण दोनाच्या वेळी १.२ आणि तीनाच्या वेळी ०.८ हर्ट्झचीही उमटली. २.४ भागिले २, भागिले ३. आवाज तोच, समेची लय मेंदूने स्वतः घातलेली! आता तीन मात्रांचा तुकडा चारात भरायचा तर कुठला तरी स्वर लांबवावाच लागतो. धून पाठ असलेला मेंदू समेची वाट बघत बसतो आणि ती एक मात्रा उशिरा येते. सलग दोन-चार वेळा असं झालं की तो जुनं गणित सोडून नवीन धरतो, आणि ओळखीची धून परकी होते.

(बाख-मोझार्ट ऐकून पोर हुशार होतं, हे मात्र यातून निघत नाही. १९९३ च्या त्या गाजलेल्या मोझार्टच्या प्रयोगात कॉलेजचे विद्यार्थी होते आणि फायदा दहा-पंधरा मिनिटं टिकला. गर्भसंस्काराच्या सीडीवर एवढं छापत नाहीत.)

काल भिंतीपलीकडून तीच धून चारात ऐकू आली. दुसऱ्या ओळीला पुन्हा तीनात घसरली.