थंडीत गाडी सुरू करायच्या सवयी कुठून आल्या

डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा ५-६ अंशांवर उतरतो तेव्हा अंगणात उभ्या असलेल्या जुन्या गाडीभोवती सकाळी सकाळी सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं चोक ओढून थोडी रेस दे, कोणी म्हणतं रेसला हात लावू नकोस. कोणी गाडी आडवी करायला सांगतं, तर कोणी आधी चावी न लावता चार किक मारायला. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या तरी एका कार्बोरेटरसाठी, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागासाठी, बरोबर होता. गाडी बदलली, कार्बोरेटर बदलला, पण सवय तशीच पुढच्या गाडीवर आली. म्हणून आधी ती सवय कोणत्या यंत्राची, हे पाहायला हवं.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. साधारण १४.७ किलो हवेला १ किलो पेट्रोल हे पूर्ण ज्वलनाचं प्रमाण. गारठ्यात मात्र पेट्रोलमधला हलका भागच वाफ होतो, उरलेलं मॅनिफोल्डच्या आणि सिलिंडरच्या भिंतींना चिकटून बसतं. पुरेशी वाफ मिळवायची तर नेहमीच्या कितीतरी पट पेट्रोल आत सोडावं लागतं. त्यात किकने इंजिन फिरतं हळू, हवेची ओढ कमी पडते आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, पेट्रोल नीट वर चढत नाही. जादा पेट्रोल कसं सोडायचं, याचीच वेगवेगळी उत्तरं कार्बोरेटर बनवणाऱ्यांनी काढली.

जेटमधून फवारा उडवणारा कार्बोरेटर १८९३ च्या सुमारास आला. जर्मनीत मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांची कामं त्याच काळातली. ब्रिटिश मोटरसायकलींवर पुढे ज्याचं राज्य झालं ते अमल हे नाव १९२७ मध्ये ॲमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स एकत्र येऊन तयार झालं. अमलवर एक छोटं बटण असायचं, टिकलर. ते दाबलं की कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता फ्लोट खाली जातो, पेट्रोल अडवणारी सुई उघडी राहते, वाटी भरून वाहते आणि पेट्रोल थेट वाटेत उतरतं. युक्ती साधी आणि खात्रीची, पण बाहेर सांडलेलं पेट्रोल इंजिनावर टपकतं. अशात कार्बोरेटरमधून उलटा भडका आला तर आग लागू शकते. टिकलर दाबायचा तो पेट्रोलचा पहिला थेंब दिसेपर्यंतच, हा नियम त्यातूनच आला. १९६१ पासून म्हैसूरला बनू लागलेल्या जावावरचा चेक बनावटीचा जिकोव्ह याच पद्धतीचा.

बुलेटची गोष्ट थोडी निराळी. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटला किक मारायची पद्धत म्हणजे जवळजवळ एक विधी होता, पण त्यात अंधश्रद्धा कुठेच नव्हती. चावी लावायची, किक हळूहळू दाबत हेडलाइटवरच्या ॲमीटरच्या काट्याकडे बघायचं. पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) जुळलेले असताना ठिणगीची कॉइल करंट खाते आणि काटा वजाकडे झुकतो. पॉइंट उघडले की काटा मधोमध येतो. म्हणजे पिस्टन वरच्या टोकाशी पोचला. मग डावीकडचा डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढून पिस्टन टोकाच्या किंचित पलीकडे न्यायचा, डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि एकच पूर्ण, खालपर्यंत किक. पिस्टन टोकाच्या अलीकडे असताना अर्धवट किक बसली की ठिणगी आधी पडते, पिस्टन उलटा फिरतो आणि किक पोटरीवर येते. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी नसेल तर काट्याचा इशाराही चुकीच्या जागी मिळतो. म्हणून बुलेट रुसली की जाणता मेकॅनिक कार्बोरेटरच्या आधी पॉइंट बघतो.

चेतक आडवी करण्याची सवय घराघरांत होती. गाडी तिरकी केली की फ्लोट चेंबरमधली पातळी बिघडते आणि जादा पेट्रोल आत उतरतं. थोडक्यात टिकलरचंच काम. टाकीच्या तळाशी उरलेलं पेट्रोलही कॉककडे सरकतं. मोटरसायकलवर हे करून फारसं काही साधत नाही, उलट वाटी सांडून प्लग ओला होतो.

खरा गोंधळ १९८५ नंतरचा. त्या वर्षी हीरो होंडाची सीडी१०० आली आणि यामाहाची आरएक्स१००ही. दोन्हींवर चोक होता, दोन्ही मालकांना दुकानदाराने तेच सांगितलं, पण आतली रचना वेगळी होती. होंडाच्या घराण्यातल्या या छोट्या केहिन कार्बोरेटरमध्ये, पुढे स्प्लेंडरमध्येही, तोंडाशी एक पत्रा फिरतो आणि हवेची वाट अडवतो. हवा अडली की आतली ओढ सगळ्या जेटांवर वाढते. अशा गाडीला चोक लावून किंचित रेस दिली तर चालतं, कधी बरंच पडतं. पत्रा फार वेळ बंद राहिला तर मात्र प्लग लगेच ओला होतो.

आरएक्स१००, नंतरच्या बुलेट, पल्सर या गाड्यांत पत्रा नसतोच. जपानच्या मिकुनीच्या गोल स्लाइडच्या (रेस दिली की वर उचलल्या जाणाऱ्या पडद्याच्या) व्हीएम कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे एक स्वतंत्र छोटा कार्बोरेटर असतो. चेन्नईच्या यूकॅलने मिकुनीच्या तंत्रावर बनवलेले मिकार्ब तसेच. खालची वाटी उघडून पाहा. एका कोपऱ्यात उभी, अरुंद विहीर दिसेल आणि तिच्या बुडाशी सुईच्या टोकाएवढं भोक, स्टार्टर जेट. वरच्या अंगातून एक पितळी नळी या विहिरीत उतरते. चोकचा खटका उचलला की पितळी प्लंजर वर सरकतो आणि स्लाइडच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला उघडणारी वाट मोकळी होते. रात्रभर विहीर भरलेली असते. पहिल्या दोन-तीन किकमध्ये ती भरपूर पेट्रोल वर पाठवते, रिकामी झाली की मग जेटमधून झिरपेल तेवढंच जातं. पहिल्या ठिणगीला खूप आणि चालू झाल्यावर बेताचं, हे माप कुठल्याही स्प्रिंगशिवाय, नुसत्या विहिरीच्या आकाराने साधलेलं आहे. कार्बोरेटरमधली ही सगळ्यात देखणी रचना आहे.

पण ती चालते ती स्लाइड बंद असेल तरच. रेस दिली की हवा स्लाइडखालून सरळ आत जाते, त्या छोट्या वाटेवरची ओढ पडते आणि चोक असून नसल्यासारखा होतो. म्हणून या गाड्यांना चोक पूर्ण उचलायचा, रेसला हात लावायचा नाही आणि किक खालपर्यंत मारायची. गाडी धरली की अर्धा मिनिट तशीच चालू द्यायची, मग चोक खाली. किक मारण्याआधी मूठ चार वेळा पिळण्याने काही होत नाही. या कार्बोरेटरांना पेट्रोल ढकलणारा पंपच नसतो. तुमच्या गाडीत काय आहे ते फिल्टरची नळी काढून कार्बोरेटरच्या तोंडात पत्रा आहे का पाहिलं की कळतं.

लक्षणंही यातूनच कळतात. गाडी सकाळी पहिल्या किकला धरते, लगेच मरते, आणि पाच-दहा मिनिटं थांबल्याशिवाय पुन्हा धरत नाही: स्टार्टर जेट चोंदलेला आहे, विहीर भरायला वेळ लागतोय. उलट गाडी गरम असताना काळा धूर, काळा प्लग, ॲव्हरेज पडलेलं आणि मेन जेट बदलूनही फरक नाही: प्लंजरच्या बुडाचं रबर कडक झालंय किंवा केबल ताणलेली आहे, आणि चोक कायम थोडा उघडा आहे. हे रबर तपासायच्या आधीच अनेक चांगल्या कार्बोरेटरांचे जेट बदलून टाकले जातात, याची हळहळ वाटते.

भोकात तार घालू नये. पितळ मऊ असतं, ओरखडा पडला की माप गेलं. केहिनच्या ३८ नंबरच्या पायलट (हळू चालताना पेट्रोल देणाऱ्या) जेटचं भोक जेमतेम ०.३८ मिमी असतं. क्लीनर आणि हवेचा झोत एवढंच पुरे. स्लो (रेस न देता चालणाऱ्या इंजिनाचा वेग) लावताना गाडी दहा मिनिटं चालवून गरम करावी, चोक खाली आहे याची खात्री करावी, मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने बसेपर्यंत आत घ्यावा, दीड फेरा बाहेर काढावा आणि तिथून पाव-पाव फेऱ्याने सगळ्यात चढा, स्थिर आवाज शोधावा. शेवटी स्लोचा स्क्रू कमी करावा. स्क्रू स्लाइडच्या अलीकडे, फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत घेतला की मिश्रण घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा: बाहेर काढला की घट्ट. हा फरक न बघता फिरवलेला स्क्रू हे सकाळच्या निम्म्या तक्रारींचं मूळ असतं. ओली झालेली गाडी सुकवायची तर चोक बंद, मूठ पूर्ण उघडी आणि पाच-सहा किक.

कार्बोरेटर गेला तो एका दिवसात नाही. हीरो होंडाने २००६ मध्ये ग्लॅमर एफआय आणली, बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय. पण २००९ मध्ये तीच २२० पुन्हा कार्बोरेटर घेऊन आली आणि भरपूर चालली. १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींवरून तो हटला. थंड इंजिनाला दिलेलं जादा पेट्रोल न जळता धुराड्यातून जातं, त्या वेळी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तापलेला नसतो. त्या पहिल्या मिनिटांचा धूर मोजून आवरणं सेन्सर आणि इंजेक्टरला जास्त नीट जमतं.

जुन्या गाड्यांपुढे आता ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, प्रश्न आहे. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून थंडीत किक वाढतात. त्यात प्राणवायू असल्यामुळे तेच जेट मिश्रण थोडं पातळ देतात. गाडी गरम होऊनही हळू मुठीवर अडखळत असेल तर पायलट जेट एक नंबर मोठा घालून पाहावा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हे फार लवकर होतं. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू ठेवावं आणि वाटीखालचा ड्रेन स्क्रू उघडून उरलेलं काढून टाकावं. तसं न केल्यास वाटीत पांढरट पूड धरते, आणि सगळ्यात आधी बुजतो तो विहिरीच्या बुडाचा स्टार्टर जेट. फ्लोटची सुई, ओ-रिंग आणि पेट्रोलची नळी बदलताना ती इथेनॉलला टिकणारी आहे का हे दुकानात विचारूनच घ्यावी. जुन्या साठ्यातलं रबर फुगतं आणि सुई अडकली की रात्रभर पेट्रोल जमिनीवर.